विषाणूला त्याच्याच मापाचे उत्तर

पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०२०च्या मार्च महिन्यात करोना विषाणूची भारतात टिपलेली पहिली छायाचित्रे प्रसिद्ध केली. केरळमधील पहिल्या रुग्णाच्या घशातील नमुन्यात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली जो कण दिसला, त्याचा आकार होता ७५ नॅनोमीटर. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. माणसाच्या केसाची जाडी साधारणपणे ८० हजार ते एक लाख नॅनोमीटर असते. म्हणजे असे हजाराहून अधिक कण एका ओळीत मांडावेत, तेव्हा कुठे एका केसाची जाडी भरेल. एवढ्याशा कणाने साऱ्या जगाचे व्यवहार थांबविले. त्याच वर्षी २ डिसेंबरला ब्रिटनने या विषाणूवरील फायझर-बायोएनटेक लशीला तातडीची मान्यता दिली. त्या लशीतील स्निग्ध कणही जवळपास त्याच मापाचे, १०० नॅनोमीटरच्या आतबाहेरचे होते.

हा निव्वळ योगायोग नाही. नॅनोतंत्रज्ञानाला मराठीत अब्जांश तंत्रज्ञान असे म्हटले जाते. पदार्थांची जुळणी याच मापावर करणारे हे शास्त्र गेल्या काही दशकांत लसनिर्मितीच्या केंद्रस्थानी आले आहे. शत्रूची ओळख शरीराला पटवायची, तर त्याच्या चेहऱ्याबरोबर त्याची चणही जुळावी लागते, हे त्यामागचे सूत्र आहे. मात्र प्रयोगशाळेत जुळलेली ही चण गावातल्या आरोग्य केंद्रापर्यंत टिकणार का, हा प्रश्नही तेवढाच महत्त्वाचा आहे.

ओळख पटविण्याचा प्रश्न

लशीचे मूळ तत्त्व सोपे आहे. रोग होण्यापूर्वीच शरीराला त्याच्या कारणाची ओळख करून दिली, की प्रत्यक्ष हल्ल्याच्या वेळी प्रतिकारशक्ती गाफील राहत नाही. विसाव्या शतकात विषाणूंच्या बाबतीत ही ओळख प्रामुख्याने दोन मार्गांनी करून दिली गेली. एक तर विषाणू दुबळा करून जिवंतच द्यायचा, जसे तोंडावाटे दिल्या जाणाऱ्या पोलिओच्या लशीत केले जाते. नाही तर तो रसायनाने किंवा उष्णतेने निष्क्रिय करून टोचायचा. पहिल्या प्रकारात प्रतिकारशक्ती उत्तम निर्माण होते, परंतु दुबळा केलेला विषाणू क्वचित प्रसंगी पुन्हा बळावण्याचा धोका राहतो. दुसऱ्या प्रकारासाठी मुळात घातक असलेला विषाणू मोठ्या प्रमाणावर वाढवावा लागतो. काही विषाणू तर प्रयोगशाळेत सहजासहजी वाढतच नाहीत.

यातून तिसरा मार्ग पुढे आला. सगळा विषाणू देण्याऐवजी त्याच्या पृष्ठभागावरचे एखादे प्रथिनच शुद्ध करून द्यावे, असा तो विचार होता. ही लस सुरक्षित असते, कारण तिच्यात रोग निर्माण करणारे काहीच नसते. तथापि, अशी सुटी प्रथिने टोचल्यावर शरीराचा प्रतिसाद बहुधा मंद राहतो, असे आढळून आले. अॅल्युमिनियमचे क्षार मिसळून तो वाढवावा लागतो आणि तरीही तो पुरेसा होईलच, अशी खात्री नसते. प्रथिन तेच, तरीही विषाणूच्या अंगावर असताना त्याला मिळणारा प्रतिसाद एक आणि सुटे दिल्यावर मिळणारा दुसरा, असे का व्हावे?

शरीराला माप कळते

याचे उत्तर आकारात आणि मांडणीत दडलेले आहे. दंडात टोचलेली लस जिथे टोचली तिथेच काम करून थांबत नाही. तिचा मजकूर लसीका ग्रंथींपर्यंत पोहोचावा लागतो. काखेत किंवा मानेत तापाच्या वेळी ज्या गाठी हाताला लागतात, त्याच या ग्रंथी. प्रतिकारशक्तीच्या पेशींची येथे गर्दी असते आणि कोणाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करायची, याचा निर्णय येथेच होतो. अगदी लहान रेणू रक्तात झिरपून लवकर नाहीसे होतात. शेकडो नॅनोमीटरचे मोठे कण टोचलेल्या जागीच अडकून पडतात आणि पेशींनी उचलून नेण्याची वाट पाहतात. साधारण २० ते २०० नॅनोमीटरचे कण मात्र लसीकेच्या प्रवाहाबरोबर थेट ग्रंथीत पोहोचतात. अनेक विषाणूंचे माप नेमके याच टप्प्यात बसते.

दुसरी बाब मांडणीची. विषाणूच्या पृष्ठभागावर एकच प्रथिन ठरावीक अंतराने पुन:पुन्हा बसविलेले असते. आपल्या स्वत:च्या पेशींवर अशी काटेकोर आवर्तने सहसा आढळत नाहीत. प्रतिपिंडे बनविणाऱ्या ‘बी’ पेशींना हा फरक कळतो. रस्त्यावरून एखादा माणूस गेला तर कोणी वळून पाहत नाही, पण एकाच गणवेशातील पलटण पावले टाकीत निघाली, की घराघरांतून माणसे बाहेर येतात. तसाच काहीसा हा प्रकार आहे. कणावरील अनेक प्रथिने ‘बी’ पेशीच्या अनेक संवेदकांना एकाच वेळी भिडतात आणि पेशीला मिळणारा इशारा कित्येक पटींनी तीव्र होतो. म्हणून विषाणूतील घातक जनुकीय द्रव्य वगळायचे आणि त्याचा आकार व आवर्तन तेवढे ठेवायचे, हे अब्जांश तंत्रज्ञानाचे लसनिर्मितीतील पहिले काम ठरले.

काविळीच्या लशीचा धडा

हे काम निसर्गाने आधीच करून ठेवले होते. अमेरिकेचे बारूख ब्लुमबर्ग यांना १९६०च्या दशकात ऑस्ट्रेलियातील एका मूळनिवासी व्यक्तीच्या रक्तात एक अपरिचित प्रथिन आढळले. पुढे ते हिपॅटायटिस बी या काविळीच्या विषाणूचे पृष्ठभागावरील प्रथिन असल्याचे स्पष्ट झाले. या शोधासाठी ब्लुमबर्ग यांना १९७६चे नोबेल पारितोषिक मिळाले. रुग्णांच्या रक्तात हे प्रथिन २२ नॅनोमीटरच्या गोल कणांच्या रूपाने विपुल प्रमाणात तरंगत असते. हे कण पोकळ असतात आणि त्यांच्यात जनुकीय द्रव्य नसल्याने ते कोणालाही आजारी पाडू शकत नाहीत. विषाणू हे रिकामे कण बहुधा प्रतिकारशक्तीची दिशाभूल करण्यासाठी सोडतो. शास्त्रज्ञांनी त्यांचीच लस केली.

१९८१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली पहिली लस बाधित व्यक्तींच्या रक्तातून हे कण वेगळे काढून तयार केली जात असे. पुढे या प्रथिनाचे जनुक यीस्टच्या पेशीत बसविण्यात आले, तेव्हा यीस्टमध्ये बनलेली प्रथिनेही आपापसांत जुळून तसेच कण तयार करतात, असे दिसून आले. १९८६ मध्ये ही लस बाजारात आली. जनुकीय अभियांत्रिकीतून माणसासाठी बनलेली ती पहिली लस. तेव्हा तिला कोणी नॅनोलस म्हटले नाही, पण ती होती नॅनोकणांचीच.

भारतात ही लस बराच काळ महागडी आणि आयात केलेली होती. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्स या कंपनीने १९९७ मध्ये देशी बनावटीची लस आणली. त्यापाठोपाठ इतर उत्पादकही उतरले आणि किंमत झपाट्याने खाली आली. २००२-०३ मध्ये काही भागांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झालेली ही लस पुढील दशकाच्या आरंभी देशभरातील बालकांच्या लसीकरणात समाविष्ट झाली. नव्या तंत्रज्ञानाच्या लशी कायम श्रीमंतांच्याच राहतील, असे म्हणणाऱ्यांसाठी हे उदाहरण लक्षात ठेवण्याजोगे आहे.

याच २२ नॅनोमीटरच्या कणाने पुढे इतरांनाही खांदा दिला. हिवतापाचा परजीवी हा विषाणू नव्हे. तरीही त्याच्या प्रथिनाचा तुकडा हिपॅटायटिस बीच्या कणावर बसवून हिवतापाच्या दोन लशी तयार झाल्या. त्यांपैकी ‘आर-२१’ ही ऑक्सफर्ड विद्यापीठाने विकसित केलेली लस पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट बनविते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३च्या ऑक्टोबरमध्ये तिची शिफारस केली.

पोकळ कवच, भरीव संरक्षण

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारणीभूत ठरणारा मानवी पॅपिलोमा विषाणू, म्हणजेच एचपीव्ही, प्रयोगशाळेत वाढविणे अतिशय कठीण. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठात इयान फ्रेझर आणि जियान झोऊ यांनी १९९१ मध्ये या अडचणीवर मार्ग काढला. विषाणूच्या बाह्य कवचाचे ‘एल-१’ हे एकच प्रथिन पेशींमध्ये तयार केले, तर त्याचे ३६० रेणू आपोआप जुळून सुमारे ५५ नॅनोमीटरचे पोकळ कवच बनते. बाहेरून पाहता ते विषाणूसारखेच दिसते. या तत्त्वावरील पहिली लस २००६ मध्ये आली.

या लशीचे यश थक्क करणारे आहे. स्वीडनमध्ये लाखो मुली व तरुणींच्या नोंदींवर आधारित अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वयाच्या सतराव्या वर्षापूर्वी लस घेतलेल्यांमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे प्रमाण सुमारे ८८ टक्क्यांनी कमी आढळले. भारतात स्त्रियांच्या कर्करोगांत स्तनांच्या कर्करोगाखालोखाल याच कर्करोगाचे प्रमाण आहे. त्यामुळे सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्व्हाव्हॅक’ या पहिल्या देशी एचपीव्ही लशीला २०२२ मध्ये मिळालेली मान्यता महत्त्वाची ठरते. तीही अशाच पोकळ कवचांची लस आहे.

स्निग्ध कणाची कुपी

वर सांगितलेल्या लशींत प्रथिन बाहेर तयार करून शरीरात सोडले जाते. एमआरएनए लशींनी त्यापुढचे पाऊल टाकले. प्रथिन कसे बनवायचे याची लेखी सूचनाच शरीराला द्यायची आणि प्रथिन आपल्या पेशींकडूनच करून घ्यायचे. ही सूचना म्हणजे एमआरएनए हा रेणू. तो अत्यंत नाजूक असतो. रक्तातील विकरे काही क्षणांत त्याचे तुकडे करतात, शिवाय तो स्वत:हून पेशीत शिरू शकत नाही. कॅटलिन कॅरिको आणि ड्र्यू वाइसमन यांनी २००५ मध्ये या रेणूत रासायनिक बदल करून शरीराचा त्याला होणारा विरोध कमी केला. त्यासाठी त्यांना २०२३चे नोबेल पारितोषिक देण्यात आले. परंतु रेणू सुधारला तरी तो पोहोचविण्यासाठी कुपी हवीच होती.

या कुपीचा इतिहास केंब्रिजपर्यंत मागे जातो. तेथे अॅलेक बँगहॅम यांनी १९६०च्या दशकात स्निग्ध रेणू पाण्यात आपोआप सूक्ष्म पिशव्या बनवितात, हे दाखविले होते. कॅनडातील व्हँकुव्हर येथे पीटर कलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात विलक्षण सुधारणा केल्या. यकृतात बनणाऱ्या एका सदोष प्रथिनामुळे होणाऱ्या आनुवंशिक आजारावरील ‘पॅटिसिरॅन’ या औषधाला २०१८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. आरएनए स्निग्ध नॅनोकणांतून पेशीपर्यंत नेणारे ते पहिले मान्यताप्राप्त औषध. दोनच वर्षांनी करोनाची साथ आली तेव्हा कुपी तयार होती. लस अकरा महिन्यांत तयार झाल्याचे आश्चर्य व्यक्त होते, पण तिच्यामागे अर्धशतकाची मेहनत उभी होती.

या कणात चार प्रकारचे स्निग्ध पदार्थ असतात. कोलेस्टेरॉल आणि फॉस्फोलिपिड त्याला घट्टपणा देतात. पॉलिइथिलिन ग्लायकॉल जोडलेला तिसरा घटक कणांना एकमेकांना चिकटू देत नाही. खरी करामत चौथ्याची. हा घटक आम्लात धनभारित होतो आणि रक्तात मात्र जवळपास भाररहित राहतो. कारखान्यात आम्लधर्मी पाण्यातील एमआरएनए आणि अल्कोहोलमधील स्निग्ध घटक यांचे प्रवाह वेगाने एकत्र आणले जातात. ऋणभारित एमआरएनएला धनभारित घटक बिलगतो आणि क्षणार्धात कण तयार होतात. शरीरात शिरल्यावर पेशी हा कण गिळते आणि एका पिशवीत बंद करते. पिशवीच्या आत आम्लता वाढते, तोच घटक पुन्हा धनभारित होतो, पिशवीचे आवरण फाटते आणि एमआरएनए बाहेर पडून कामाला लागतो. यातील अगदी थोडाच अंश प्रत्यक्ष बाहेर पडतो. उरलेला वाया जातो. हा अंश वाढविणे हे आजच्या संशोधनाचे मोठे उद्दिष्ट आहे, कारण तो वाढला तर मात्रा लहान होईल आणि लस स्वस्त.

साथीच्या काळात ‘लशीत नॅनो यंत्र आहे’, ‘चिप आहे’ अशा अफवा पसरल्या होत्या. नॅनो हा शब्द यंत्राचा नव्हे, मापाचा आहे. या लशींत एमआरएनए, स्निग्ध पदार्थ, क्षार आणि साखर याखेरीज फारसे काही नसते.

लष्करी अळी, झाडाची साल आणि संगणक

नॅनोकण बनविण्याचे इतर मार्गही रंजक आहेत. २०१८ पासून भारतातील मक्याची पिके फस्त करणारी अमेरिकन लष्करी अळी महाराष्ट्रातील शेतकऱ्यांना चांगलीच ठाऊक आहे. याच किडीपासून मिळविलेल्या पेशी प्रयोगशाळेत अनेक दशके वाढविल्या जात आहेत. नोव्हाव्हॅक्स कंपनीने करोनाचे काटेरी प्रथिन या पेशींत तयार करून ते नॅनोकणांच्या रूपात मांडले. सोबत दक्षिण अमेरिकेतील क्विलाया झाडाच्या सालीतून मिळणाऱ्या सॅपोनिनचे पिंजऱ्यासारखे नॅनोकण प्रतिसाद वाढविण्यासाठी मिसळले. ‘कोव्होव्हॅक्स’ या नावाने ही लस पुण्यात तयार झाली आणि २०२१च्या डिसेंबरमध्ये तिला भारतात मान्यता मिळाली.

अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात तर निसर्गात नसलेला कणच संगणकावर आखण्यात आला. त्यावर करोनाच्या काटेरी प्रथिनाचा नेमका महत्त्वाचा भाग ६० वेळा बसविलेला होता. दक्षिण कोरियाने २०२२ मध्ये या लशीला मान्यता दिली. अशी प्रथिने संगणकावर रचण्याच्या कार्यासाठी त्याच विद्यापीठाचे डेव्हिड बेकर यांना २०२४च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला.

एड्सच्या विषाणूसमोर लसशास्त्राने चार दशके हार खाल्ली आहे. तेथेही नॅनोकणांनी एक किलकिले दार उघडले. या विषाणूच्या प्रथिनाचे ६० तुकडे बसविलेला एक कण प्राथमिक मानवी चाचणीत ३६ जणांना देण्यात आला. त्यांपैकी ३५ जणांमध्ये अपेक्षित दुर्मीळ ‘बी’ पेशी जाग्या झाल्या, असे २०२२च्या अखेरीस जाहीर झाले. हे संरक्षण नव्हे, संरक्षणाकडे नेणाऱ्या लांब जिन्याची केवळ पहिली पायरी. पण ती पायरी असल्याचे यातून प्रथमच दिसले.

शंका आणि मर्यादा

नवे तंत्रज्ञान म्हणून त्याच्या उणिवांकडे काणाडोळा करून चालणार नाही. एमआरएनए लशींनंतर तीव्र अॅलर्जीचा झटका येण्याचे प्रमाण दहा लाख मात्रांमागे साधारण पाच असे आढळले. क्वचित प्रसंगी, विशेषत: तरुण पुरुषांमध्ये, हृदयाच्या स्नायूंचा दाहही दिसून आला. त्यांपैकी बहुतेक जण बरे झाले. या लशींनी मिळणारी प्रतिपिंडे काही महिन्यांत ओसरू लागतात, तर एचपीव्ही लशीची दहा वर्षांहून अधिक काळ टिकतात. शिवाय दंडात टोचलेली लस रक्तात पहारा बसविते, नाकाच्या अस्तरावर मात्र तो पुरेसा बसत नाही. त्यामुळे गंभीर आजार टळतो, पण संसर्ग पूर्णपणे थांबत नाही. नाकावाटे देता येणाऱ्या नॅनोकणांवर त्यासाठीच संशोधन सुरू आहे.

विज्ञानापलीकडचा अडथळा अविश्वासाचा आहे. अमेरिकेच्या आरोग्य खात्याने २०२५च्या ऑगस्टमध्ये एमआरएनए लशींच्या २२ प्रकल्पांचा सुमारे ५० कोटी डॉलरचा निधी थांबविण्याचे जाहीर केले. जे तंत्रज्ञान पुढच्या साथीत सर्वांत वेगाने हाताशी येऊ शकते, त्याचाच आधार अशाने डळमळीत होतो.

खरी कसोटी उन्हाळ्याची

फायझरची लस आरंभी उणे ७० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवावी लागत असे. पाण्याच्या सान्निध्यात एमआरएनए तुटतो आणि स्निग्ध घटकही बिघडतात, हे त्याचे कारण. आपल्याकडे प्राथमिक आरोग्य केंद्रांची शीतसाखळी २ ते ८ अंशांची आहे. १६ जानेवारी २०२१ला भारतात सुरू झालेली मोहीम याच तापमानात टिकणाऱ्या लशींवर उभी राहिली. या साखळीतही अडचणी कमी नसतात. हिपॅटायटिस बीची लस उन्हात बिघडते तशी चुकून गोठली तरी निकामी होते. म्हणून आरोग्यसेविकांना कुपी हलवून गाळ बसतो का, ते पाहण्याचे प्रशिक्षण दिले जाते. विदर्भातील मे महिन्यात लस पेटीतून उपकेंद्रापर्यंत नेणाऱ्या सेविकेला लशीच्या नॅनोमीटरशी कर्तव्य नसते. पेटीतला बर्फ केव्हा वितळतो, ही तिची चिंता असते.

देवीच्या रोगाचे निर्मूलन आठवून पाहावे. देवीची लस एकोणिसाव्या शतकापासून उपलब्ध होती, पण जगाच्या उष्ण भागांत ती टिकत नसे. गोठवून सुकविलेली लस तयार झाली, ती ३७ अंश तापमानातही महिनाभर गुणकारी राहू लागली आणि मगच मोहिमेला वेग आला. १९७५ मध्ये भारतातील आणि १९७७ मध्ये सोमालियातील देवीच्या नैसर्गिक संसर्गाचा अखेरचा रुग्ण आढळला. लस तीच होती. बदलली ती तिची टिकाऊ शक्ती.

एमआरएनए लशींच्या बाबतीत हाच प्रयत्न पुण्यातच झाला आहे. हिंजवडीच्या जिनोव्हा बायोफार्मास्युटिकल्सने विकसित केलेली ‘जेमकोव्हॅक-१९’ ही २ ते ८ अंशांत ठेवता येणारी लस २०२२च्या जूनमध्ये मान्य झाली. पुढच्याच वर्षी ओमायक्रॉन उपप्रकारासाठीची, गोठवून सुकविलेली व सुईविना त्वचेत देता येणारी आवृत्तीही आली. तोवर साथीचा जोर ओसरला होता, त्यामुळे त्यांचा वापर मर्यादित राहिला. परंतु उणे ७० अंशांची अट अटळ नाही, हे त्यातून सिद्ध झाले.

पुढचा विषाणू कोणता आणि केव्हा, हे सांगता येणार नाही. त्याचे माप मात्र बहुधा याच पट्ट्यात असेल आणि त्याच मापाचे उत्तर तयार करण्याची विद्या आता माणसाच्या हाती आहे. २२ नॅनोमीटरचा कण एका प्रयोगशाळेतून निघून खेड्यातील नवजात बालकाच्या मांडीपर्यंत पोहोचण्यास तीन दशके लागली. पुढच्या वेळी एवढा अवधी मिळणार नाही. म्हणूनच नॅनोकण किती बारीक करता येतो याबरोबरच तो किती उन्हात टिकतो आणि किती रुपयांत मिळतो, याकडेही संशोधकांनी आणि सरकारांनी आतापासूनच लक्ष द्यायला हवे.